पाणी काचेसारखं होतं

अमरावती, ६ एप्रिल २०२५

ती. बाबा यांस,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. मनात नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढं वाचताना गैरसमज व्हायला नको.

तुम्ही घर सोडून अकोल्याला गेलात त्या दिवशी दारात उभं राहून मला म्हणालात, "यापुढे तुला जे काही सांगायचं असेल ते लेखी दे." सारी उमर वकिली केलेली, त्यामुळे सुनेशीही तारखेवर भेटावं तसंच बोलता. मी फोन केला तर उचलत नाही, अद्वैत पोटचा मुलगा, त्यानं केला तर लेकीच्या, रमाताईंच्या हातात देता. तर घ्या, लेखी देते.

शेजारच्या दुर्गाबाई परवा अकोल्याहून लग्न आटोपून आल्या, त्या आपल्या घरी चप्पल काढायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात. तुम्ही पंगतीत बसून सांगितलंत म्हणे, "सुनेनं माझं मासोळ्यांचं टाकं नासवलं. काही टाकलं असेल पाण्यात. शेतकऱ्याची पोर आहे, फवारणीची औषधं घरातच असतात त्यांच्या." ऐकणारे हसले म्हणे. दुर्गाबाई नाही हसल्या, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

लग्नाला बारा वर्षं झाली. माझ्या 'मले-तुले'वर तुम्ही जेवणाच्या टेबलावर हसलात, माझ्या वडिलांच्या धोतरावर बोललात, मी सोसलं. माझ्या माहेरी, हिवरखेडला आजवर एकदाही पाय ठेवला नाहीत, तेही सोसलं. पण मुक्या जिवांना विष घालणारी म्हणून चार लोकांत नाव घेतलंत, हे मी सोसणार नाही.

टाक्याची हकीगत अशी. पाणी हिरवं आहे. साधं हिरवं नाही, पालकाची भाजी मिक्सरमधून काढल्यासारखं. हात घातला तर मनगटाच्या खाली दिसत नाही. मासोळ्या आहेत की नाहीत, हे दाणा टाकल्यावर तोंडं वर आली की कळतं. मी त्यात काही टाकलेलं नाही. तुम्ही गेल्यापासून दाणासुद्धा तुमची नात प्रणालीच टाकते.

तुमच्या मासोळ्या आहेत, तुम्ही येऊन घेऊन जा. रमाताईंच्या जुन्या शहरातल्या घरात जागा नसेल तर मोर्णा नदीत सोडा. मला त्या नकोत. आज रविवार, त्यात रामनवमी, मी आज टाकं उपसायला घेते आहे. लोकांनी पाहावं, तळाशी कोणतं औषध निघतं ते.

आणि तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. प्रणालीच्या हाताचं प्लॅस्टर निघालं. कोपर अजून पुरतं सरळ होत नाही.

साधना


अमरावती, २० एप्रिल

ती. बाबा,

तुमचं उत्तर मिळालं. अक्षर रमाताईंचं, भाषा तुमची. "मी घर सोडलं त्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. तळातला खडा न खडा दिसत होता. महिनाभरात त्या बाईनं त्याचं गटार केलं." त्या बाईनं. पत्र मलाच लिहिलं आणि माझाच उल्लेख असा केला. रमाताईंचा हात लिहिताना थांबला नाही का, हे त्यांनाच विचारेन कधीतरी.

टाकं उपसल्याचं सांगते. हे तुमच्या उपयोगाचं आहे, पुढच्या पंगतीत सांगता येईल.

मोटर लावून सगळं पाणी काढलं, झाडांना सोडलं. अद्वैत आणि प्रणालीनं मासोळ्या धरून आंघोळीच्या टबात ठेवल्या. मी पदर खोचून आत उतरले. भिंती घासल्या, तळ खरवडला, आणि नळाचं ताजं पाणी भरून मासोळ्या परत सोडल्या. टाकं असं चकचकीत झालं, की मला वाटलं, घ्या वकीलसाहेब, हे काचेसारखं.

संध्याकाळी मासोळ्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या. सकाळी काही उताण्या तरंगत होत्या. त्यात ती मोठी पांढरी, डोक्यावर लाल टिळा असलेली, जिला तुम्ही 'महाराणी' म्हणायचात. माझ्या वडिलांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अवं बाई, नळाच्या पाण्यात औषध असते ना. दिवसभर उघड्यावर ठिवा लागते ते. अन् सारंच पाणी एकदम बदलत असतेत का कोनी?" कोणी बदलत नसतं. मी बदललं. प्रणालीनं त्यांना कढीपत्त्याखाली पुरलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

आता गंमत ऐका. चार दिवसांत पाणी पुन्हा हिरवं. एप्रिलचं आपलं ऊन, त्यात तुम्ही गेल्या वर्षी बदामाची मोठी फांदी तोडायला लावलेली, मग काय. पहिल्यापेक्षा दाट झालं.

पण मी दुसरंच लिहायला बसले होते. खाली उतरले तेव्हा तळाशी घोटाभर गाळ होता. मी आधी माती समजले. हातात घेतला तर तो मऊ, आंबलेला, वास असा की दोन दिवस त्या हातानं जेवण गेलं नाही. दाणा होता तो. मासोळ्यांनी न खाल्लेला, खाली बसून कुजलेला दाणा. एवढा दाणा महिनाभरात साचत नाही. प्रणाली चिमूटभर टाकते, मी पाहते.

खडा न खडा दिसत होता म्हणता. त्या गाळाखाली एकही खडा मला दिसला नाही, आणि मी तर आत उभी होते.

साधना


अमरावती, ४ मे

ती. बाबा,

या वेळी पत्र नाही, रमाताईंच्या फोनवरून अद्वैतला निरोप. "दुर्गाबाई खोटारडी आहे, आणि तुझी बायको तिला फितवते." म्हणजे दुर्गाबाई काय म्हणाल्या ते तुमच्यापर्यंत पोहोचलं. बरं झालं. तरी कागदावर असावं म्हणून मांडते.

दुर्गाबाईंची गच्ची आपल्या टाक्याच्या अगदी डोक्यावर. कुरड्या घालायला रोज चढतात. त्या म्हणतात, पाणी दिवाळीपासूनच हिरवं होतं. आम्हाला तुम्ही मागच्या अंगणात टाक्याजवळ फिरकू देत नव्हतात, म्हणून आम्ही पाहिलं नाही. "मले वाटे, वकीलसायबानं तसंच ठिवलं असंन, शोभेसाठी." आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन उभे राहत होतात आणि मूठ मूठ दाणा टाकत होतात. थोड्या वेळानं परत येऊन पुन्हा टाकत होतात. त्यांना वाटलं, म्हातारपणी विसरत असतील.

त्या खोटं कशाला बोलतील? त्यांना ना टाक्याचं सुख, ना दुःख. तुम्ही आयुष्यभर साक्षीदार तपासलेत. हिला कुठं अडवाल ते मला सांगा.

मी नोकरीला आहे त्या नांदगावच्या शाळेत विज्ञानाचे सर आहेत, त्यांना मी बाटलीत भरून पाणी नेऊन दाखवलं. ते म्हणाले, ही घाण नव्हे, हे शेवाळ आहे, पाण्यात तरंगणारं. त्याला ऊन पाहिजे आणि खत पाहिजे. दाणा कुजला की खत होतं. तुम्ही कितीही उपसा, ऊन आणि खत आहे तोवर ते परत येणार. दोन्ही तोडा आणि वाट पाहा.

तर टाक्यावर शेडनेट बांधली आहे. वडाळीच्या तलावावरून अद्वैतनं जलकुंभी आणली, तिनं अर्धं पाणी झाकलं. दाणा दिवसाआड, तोही चुटकीभर. आठवड्याला थोडंसं पाणी काढते आणि ड्रममध्ये ठेवून मुरवलेलं भरते. पंपातला स्पंज नळाखाली धूत नाही, टाक्याच्याच पाण्यात पिळते. नळ आपल्याकडे एक दिवसाआड येतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पिण्याचं आधी भरायचं, मग तुमच्या मासोळ्यांचं. ड्रम उन्हातून ओढताना मी तुम्हाला काय काय म्हणते ते लेखी देत नाही.

तुमच्यासाठी करत नाही मी हे. दुर्गाबाईंच्या गच्चीवर लग्नाच्या पंगतीतले सगळे उभे करून दाखवायचं आहे मला, म्हणून करते.

आणि हो, गाडीच्या किल्लीबद्दल. "म्हाताऱ्या माणसाच्या हातून सुनेनं किल्ली हिसकावली" असं तुम्ही सांगत फिरता. हिसकावली नाही. खुंटीवरची काढून कपाटात ठेवली, आणि तुम्ही दुर्गाबाईंदेखत मागितली तेव्हा दिली नाही. तुमच्या स्कूटरवरून येताना माझ्या पोरीचं कोपर मोडलं होतं. शाळेच्या वळणावर उभ्या रिक्षावर गाडी घातलीत तुम्ही. तुम्ही म्हणालात, रिक्षा उलट्या बाजूनं आली, चालक प्यायलेला होता. प्रणालीही हो म्हणाली, म्हणून अद्वैतनं मानलं. मी रागात एवढंच बोलले, "तुमाले दिसत नसंन तं चालवू नका." त्यावर तुमचा चेहरा असा उतरला, की मलाच कळेना, मी काय बोलले. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही बॅग भरली.

त्या वाक्यात एवढं काय होतं, याचा मी आता विचार करते आहे.

साधना


अमरावती, १८ मे

हे पत्र तुम्ही वाचत नाही आहात. कोणतंच वाचलेलं नाही. हे आता मला कळलं आहे.

म्हणून आधी रमाताईंशी बोलते. रमाताई, हे तुम्ही बाबांना मोठ्यानं वाचून दाखवता आहात. चष्मा सापडत नाही, हात थरथरतो, असं काहीतरी त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल. हे पत्र पूर्ण वाचा. मध्येच रडू आलं तर थांबा, पाणी प्या, आणि तिथूनच पुढं वाचा. एक ओळही गाळू नका. माझी शपथ नाही घालत, प्रणालीची घालते.

बाबा, पाणी निवळायला लागलं आहे. काल सकाळी टाक्याची पहिली पायरी दिसली, आणि तिच्यावरून एक लाल मासोळी सरकत गेली, अख्खी, शेपटीपर्यंत. मी प्रणालीला हाक मारली. मला वाटलं, पोरगी नाचेल. ती काठावर आली, पाहिलं, आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. म्हणाली, "आई, आजोबाले सांगू नको ना, पाणी हिरवं होतं म्हणून."

मी म्हटलं, सांगितलं की. पत्रात लिहिलं.

तर रडायला लागली. नऊ वर्षांची आहे, अशी रडताना मी तिला हात मोडला तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं, आणि मी ऐकलं.

तुम्ही रोज तिला काठावर नेऊन विचारायचात, "पाणी कसं आहे गं?" पहिल्यांदा ती म्हणाली होती, हिरवं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलंत तेव्हा ती म्हणाली, मस्त आहे आजोबा, काचेसारखं. तुम्ही खूश झालात, तिला जवळ घेतलंत. मग ती रोज तेच म्हणू लागली. मासोळ्यांनी दाणा खाल्ला का विचारलंत, तर ती म्हणायची, खाल्ला. दुपारी ती शाळेत असायची, तेव्हा तुम्ही आपल्याच अंदाजानं टाकत होतात. तुमचं काचेसारखं पाणी ते एवढंच होतं. एका पोरीनं तुमचं मन राखायला रचलेलं.

सकाळी पेपर तिला मोठ्यानं वाचायला लावायचात, "वाचन सुधारतं" म्हणून. आम्हाला किती कौतुक त्याचं. अद्वैत बँकेत सांगायचा.

हे सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. म्हातारपण आहे, भीती असते. पण पुढचं ऐका.

स्कूटरवर ती तुमच्यापुढं उभी राहायची. आम्हाला वाटे, तिला वारा आवडतो. ती सांगते, "मी सांगत जायची ना आई. उजवीकडून ट्रक, पुढं गाय, आता थांबा, आता चला." तुम्ही तिला 'सारथी' म्हणायचात. तिला बजावलं होतंत, हे आपलं दोघांचं गुपित, आई-बाबांना कळलं तर ते आजोबांना घरात कोंडून ठेवतील.

आणि त्या दिवशी वळणावर तिला मैत्रीण दिसली. तिनं हात हलवला. तेवढ्यात रिक्षा.

"माह्याच्यानं झालं आई. मी पाह्यलंच नाई समोर." असं म्हणाली ती. फेब्रुवारीपासून तिच्या मनात हे आहे. आजोबांना माझ्यामुळं लागलं, माझ्यामुळं ते घर सोडून गेले. प्लॅस्टरवर मैत्रिणी चित्रं काढत होत्या, आणि ही आत हे घेऊन बसली होती. आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. दवाखान्यात ती तुम्हाला "सॉरी आजोबा" म्हणाली होती, हेही तिनं सांगितलं. तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवून "असू दे" म्हणालात.

असू दे म्हणालात.

कमलाकांतराव, आज बाबा म्हणवत नाही. रानात माझ्या वडिलांचा बैल आंधळा झाला होता. त्याला त्यांनी जुवाखाली घातलं नाही. आणि वासराला तर त्याच्यापुढं कधीच जुंपलं नाही.

अद्वैतला मी रात्री सांगितलं. तो टाक्याच्या काठावर जाऊन बसला. तो म्हणेल, थोडं थांबू, बाबांच्या कलानं घेऊ. मी थांबणार नाही. मी येते आहे.

साधना


अमरावती, ८ जून

ती. बाबा,

मी अकोल्याला येऊन आरडाओरडा करून गेले, असं तुम्ही नातेवाइकांत सांगता आहात असं कळलं. म्हणून काय झालं ते कागदावर असू द्या.

मी सकाळच्या एसटीनं आले. दार उघडं होतं. तुम्ही पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला होतात, काळा चष्मा डोळ्यांवर, घरातसुद्धा. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि बोलले नाही. मुद्दाम. तुमच्यापासून चार हातांवर. तुम्ही मान वळवलीत आणि म्हणालात, "रमा, भाजीवाला गेला का?"

तिथं मला ओरडता आलं असतं. आले होते तीच तयारी करून, एसटीत बसून वाक्यं जुळवली होती. पण तुमचा शर्ट उलटा होता, शिवण बाहेर. तुम्ही कोर्टात कधी कॉलरला सुरकुती घेऊन गेला नाहीत. माझी वाक्यं तिथंच राहिली, याचा मला अजून राग आहे.

रमाताई आतून आल्या. त्यांनी माझं पत्र वाचून दाखवलं होतं, पूर्ण. त्यांचे डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, बाबा मानत नाहीत. मी तुमच्या हाताला धरून उठवलं. तुम्ही "कोण आहे?" म्हणालात, मी म्हटलं, "ती बाई आहे. चला."

रिक्षात तुम्ही एकदाच बोललात. "एकदा दिसत नाही म्हटलं, की माणसाला कोपऱ्यात बसवतात, साधना. मग त्याला कोणी काही विचारत नाही." बारा वर्षांत माझं नाव घेऊन तुम्ही मनातलं काही बोललात ते हे एवढंच.

मी म्हटलं, "म्हणून पोरीले पुढं उभं केलं?"

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. तेवढ्यात डोळ्यांचा दवाखाना आला.

डॉक्टर काय म्हणाल्या ते रमाताईंनी तुम्हाला गोड करून सांगितलं असेल, मी जसं आहे तसं सांगते. मोतीबिंदू पिकला आहे, तो निघेल. पण त्याच्यामागं काचबिंदू आहे. तो कैक वर्षं आतून खात होता, दुखत नाही म्हणून कळला नाही. त्यानं नेलेलं परत येत नाही. उजवा डोळा गेला. डावा समोरचं पाहील, बाजूचं नाही, तेही रोज वेळेवर थेंब टाकले तर. दिवाळीला आला असतात तर बरंच राहिलं असतं. हे त्या बाई हळू बोलल्या, मी मोठ्यानं पुन्हा सांगते.

ऑपरेशन होईल. अद्वैत सुट्टी काढून येईल, थेंबांचं रमाताई पाहतील. त्याबद्दल मला आभाराचं पत्र नको.

मला एकच गोष्ट पाहिजे आणि ती मी मागत नाही, सांगते. माझी क्षमा मागू नका. ती तुम्हाला मिळणार नाही, आणि तुम्हाला ती लागतही नाही. प्रणालीला सांगा. तुमच्या तोंडानं, तिच्यासमोर बसून. फोनवर नाही, पत्रात नाही, अद्वैतकरवी नाही. तिची चूक नव्हती, हे तिला मी रोज सांगते. ती मान हलवते, पण मानत नाही. आईचं काय, आई तर म्हणणारच. ते तुमच्याकडूनच ऐकायचं आहे तिला.

तोवर या घराचं दार तुम्हाला उघडं नाही. घर तुमच्या नावावर आहे, हे मला माहीत आहे. तरीही नाही.

साधना


अमरावती, १३ जुलै

ती. बाबा,

गेल्या रविवारी तुम्ही आलात, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत अकोल्याला गेलात. जाताना रमाताईंना म्हणालात म्हणे, "सगळं बिघडलं. पोरगी गेली हातची." त्या रडत फोनवर बोलल्या. म्हणून लिहिते.

मी मागच्या दारात उभी होते. लपून नव्हते, तुमच्या डाव्या डोळ्याच्या टप्प्यात नव्हते इतकंच. तुम्ही टाक्याच्या काठावर बसलात. पाणी आता तळापर्यंत स्वच्छ आहे, शेडनेटच्या सावलीत मासोळ्या फिरत होत्या. ऑपरेशन झालेल्या डाव्या डोळ्याला त्यातली एखादी दिसली असावी, कारण तुम्ही थोडं पुढं वाकलात. मग प्रणालीला जवळ बोलावलंत.

मला वाटलं होतं, तुम्ही भाषण कराल. मुद्दे मांडाल. तुम्ही तिला एवढंच म्हणालात, "रिक्षा मला पाहायची होती, तुला नाही. मला दिसत नव्हतं, आणि तरी मी गाडी काढली. तू समोर पाहत असतीस तरी एक ना एक दिवस हे झालंच असतं. दवाखान्यात तू सॉरी म्हणालीस, तेव्हाच मी हे सांगायला पाहिजे होतं. मी भ्यालो. चूक माझी आहे, बाळा, सगळी."

ती तुमच्याकडं वळली. मग म्हणाली, "मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

तुम्ही तिच्यासाठी हात पुढं केलात. तिनं तो झटकला. उठली, आत गेली, खोलीचं दार आपटलं. तुम्ही गाडीला निघालात तरी बाहेर आली नाही. अद्वैत तिला रागवायला जात होता, मी अडवलं.

बाबा, हे बिघडलं नाही. हे समजून घ्या, आणि रमाताईंनाही समजावून सांगा.

ती पाच महिने स्वतःवर रागावलेली होती. एवढ्याशा जिवानं एवढा राग आत धरला होता. जेवताना ताटात रेघोट्या ओढायची. शाळेतून येताना रस्त्याच्या कडेला भिंतीला चिकटून चालायची. कुणी मैत्रिणीनं लांबून हाक मारली तर हात वर करत नव्हती. रविवारी तो राग तिच्या अंगावरून उतरला आणि ज्याचा होता त्याच्याकडं गेला. तो आता तुमच्यापाशी आहे. राहू द्या. तुम्हाला पेलेल. नाही पेलला तरी धरून ठेवा, तिला परत देऊ नका.

तुम्ही गेल्यावर तासाभरानं ती बाहेर आली. मला म्हणाली, भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या, ठेचा मागून घेतला. मग म्हणाली, "आजोबा लई वाईट आहेत." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "त्यांनी थेंब टाकले असतील का संध्याकाळचे?" मी म्हटलं, मले काय माहीत.

तिनं तुम्हाला पत्र लिहायला घेतलं आहे. मी वाचलेलं नाही, तिनं हातानं झाकलं होतं. चांगलं नसेल त्यात काही. कागदभर एक-एक अक्षर बोटाएवढं काढते आहे, आणि मला सांगून ठेवलं आहे, की हे रमाआत्यानं वाचायचं नाही, आजोबानं स्वतः वाचायचं, कितीही वेळ लागला तरी.

उत्तर तिला लिहा. मला नको.

साधना